सरकारी संकेतस्थळाचे दार सर्वांना उघडले पाहिजे

पूर्वी सरकारी काम म्हटले की तहसील कचेरीची पायरी चढावी लागे. अर्जासाठी एक रांग, शिक्क्यासाठी दुसरी रांग, आणि साहेब जेवायला गेले की ते परत येईपर्यंत बाकावर बसून राहणे. आता ही कचेरी बऱ्याच अंशी संगणकाच्या आणि मोबाईलच्या पडद्यावर आली आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नोकरभरतीचा अर्ज, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, या सर्वांसाठी सरकारच्या संकेतस्थळावर, म्हणजे वेबसाईटवर, जावे लागते. आपल्या मुलामुलींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी असेल तर महाडीबीटी या संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो. दिवसाची मजुरी बुडवून कचेरीत खेटे घालणे वाचते, हा फायदा मोठा आहे. तो कोणी नाकारणार नाही.

परंतु ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याने हा अर्ज कसा भरायचा? ज्याचा हात थरथरतो, त्याने पडद्यावरच्या बारीकशा चौकोनावर बोट नेमके कसे ठेवायचे? ज्याला ऐकू येत नाही, त्याला योजनेची माहिती सांगणारी चित्रफीत कशी कळायची? आणि ज्या आईचे शिक्षण मराठी शाळेत चौथीपर्यंत झाले, तिने इंग्रजीत आलेली चुकीची सूचना वाचून पुढे काय करायचे?

कचेरी सरकारची आहे, म्हणजे ती जनतेच्या पैशाने चालते. तिच्या दारातून काही माणसांना आत जाताच येत नसेल, तर ते दार बदलले पाहिजे. ही मेहेरबानी मागण्याची गोष्ट नाही. आज आपल्या देशात कायदा आणि सर्वोच्च न्यायालय दोन्ही हेच सांगत आहेत. म्हणून हा विषय प्रत्येक घराने समजून घेण्यासारखा आहे.

अशी माणसे किती, असे कोणी विचारील. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि एकट्या महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्या वेळी अपंगत्वाचे आठच प्रकार मोजले गेले होते. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले. म्हाताऱ्या माणसांची कमी झालेली नजर आणि थरथरते हात तर या मोजणीत धरलेलेच नाहीत.

लसीच्या वेळी काय घडले

संकेतस्थळाचे दार बंद राहिले तर काय होते, हे साऱ्या देशाने २०२१ साली पाहिले. करोनाची दुसरी लाट जोरात होती. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस देण्याचे ठरले, पण त्यासाठी कोविन या सरकारी संकेतस्थळावर आधी नोंदणी करणे सक्तीचे केले गेले. थेट केंद्रावर जाऊन लस मिळत नव्हती. कोविन तेव्हा इंग्रजीत होते. लसीच्या जागा खुल्या झाल्या की काही क्षणांत भरून जात. ज्याच्याकडे चांगला फोन, वेगवान इंटरनेट आणि इंग्रजीची सवय, त्याचा नंबर लागे. बाकीचे पडद्याकडे बघत राहत.

सर्वोच्च न्यायालयाने करोनाकाळातील औषधे व सेवांच्या वाटपाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला होता. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने ३१ मे २०२१ च्या आदेशात कोविनमधील दोष एकेक करून मांडले. दृष्टिहीन माणसासाठी ऐकून भरण्याचा कॅप्चा तेथे नव्हता. वय, लसीचे नाव, फुकट की विकत, असे निवडण्याचे जे सात पर्याय होते, ते अंध व्यक्तीला वापरता येतील असे बनवलेले नव्हते. किती जागा शिल्लक आहेत त्याचा आकडा कळे, पण तो आकडा कशाचा, हे कळत नसे. माऊस न वापरता नुसत्या कळफलकावर काम करण्याची सोय नव्हती. अपंग व्यक्तीला वेळ जास्त लागतो, तो मिळाला पाहिजे. मध्येच संकेतस्थळाने त्याला बाहेर काढू नये, असेही न्यायालयाने म्हटले. कोविन आणि आरोग्य सेतू या दोन्हींची अपंगांच्या दृष्टीने तपासणी करा, असे सरकारला सांगितले. केवळ संकेतस्थळावर भिस्त ठेवली तर उपेक्षित वर्गालाच त्याची झळ बसेल, असा इशाराही दिला.

याच सुमारास सरकारला पावले उचलावी लागली. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणी करण्याची मुभा दिली गेली, जून २०२१ मध्ये कोविन मराठीसह अनेक भारतीय भाषांतून सुरू झाले आणि २१ जूनपासून थेट केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची वाट सर्व प्रौढांसाठी मोकळी झाली. म्हणजे या गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. त्या पहिल्या दिवसापासून केल्या असत्या, तर साथीच्या ऐन भरात कित्येकांची वणवण टळली असती.

अंध माणूस पडदा कसा वाचतो

पुष्कळांना वाटते की अंध माणूस संगणक वापरूच शकत नाही. हा गैरसमज आहे. स्क्रीन रीडर नावाची एक प्रणाली असते. ती पडद्यावर जे लिहिले आहे ते मोठ्याने वाचून दाखवते. कळफलकावरील टॅबची कळ दाबत माणूस एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो आणि ऐकून ऐकून अर्ज भरतो. एनव्हीडीए नावाचा असा एक स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ साली तयार करायला घेतला. तो आजही साऱ्या जगाला फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची अशीच सोय असते. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करता येते.

पण स्क्रीन रीडर हा काही अंतर्ज्ञानी नव्हे. संकेतस्थळ बनविणाऱ्याने जे आत लिहून ठेवले असेल, तेच तो वाचणार. अर्जातील रकान्याला आतून 'वडिलांचे नाव' अशी पाटी लावलेली असेल तर तो 'वडिलांचे नाव' असे म्हणेल. पाटी लावलेली नसेल तर नुसते 'लिहा' म्हणून गप्प बसेल. काय लिहायचे, ते ऐकणाऱ्याने कसे ओळखायचे? चित्राखाली त्याचे वर्णन नसेल तर तो 'चित्र' एवढेच सांगेल. मग ते मंत्र्यांचे छायाचित्र असो की अर्ज पाठवण्याचे बटण असो.

कॅप्चा म्हणजे ती वेडीवाकडी अक्षरे, जी पाहून आपल्याला तशीच भरावी लागतात. समोर माणूस आहे की यंत्र, हे तपासण्यासाठी ती ठेवतात. पण ती अक्षरे म्हणजे चित्र असते. डोळस माणूसही दोनदा चुकतो, तर अंध माणूस तेथेच अडतो. त्यावर उपाय सोपा आहे: तीच अक्षरे ऐकवण्याची सोय करावी किंवा फोनवर येणाऱ्या ओटीपीवरच भागवावे.

अशा आणखी काही गोष्टी आहेत. पांढऱ्या कागदावर फिकट करड्या रंगाची अक्षरे छापली तर अधू नजरेच्या माणसाला दिसत नाहीत. म्हणून अक्षर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक एवढा फरक असावा, असे जागतिक प्रमाण आहे. अक्षरे दुप्पट मोठी केली तरी पान विस्कटू नये. चूक झाली तर नुसता लाल रंग दाखवू नये, कारण काहींना लाल आणि हिरवा यातला भेद कळत नाही. 'पिनकोड सहा अंकी हवा' असे शब्दांत सांगावे. चित्रफितीखाली मजकूर द्यावा, म्हणजे कर्णबधिरांना कळेल. वेळ संपत आली तर आधी सूचना द्यावी आणि भरलेला मजकूर पुसू नये.

हे सारे नियम वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या जागतिक संस्थेने १९९९ पासून लिहून ठेवले आहेत आणि वेळोवेळी सुधारले आहेत. त्यांचा सारांश चार गोष्टींत सांगता येतो. मजकूर कोणत्या तरी इंद्रियाने कळला पाहिजे, पान कोणत्याही साधनाने हाताळता आले पाहिजे, भाषा समजली पाहिजे, आणि जुन्या-नव्या कोणत्याही यंत्रावर ते चालले पाहिजे.

याचा लाभ केवळ अपंगांना होतो असे समजू नये. उन्हात उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला ठळक अक्षरेच दिसतात. स्वस्तातल्या फोनवर हलके पानच लवकर उघडते. तडकलेल्या पडद्यावर मोठे बटणच दाबता येते. साध्या मराठीत लिहिलेली सूचना साऱ्या घराला कळते.

एक मात्र लक्षात ठेवावे. अनेक संकेतस्थळांच्या माथ्यावर अक्षर लहानमोठे करण्याची आणि रंग बदलण्याची बटणे असतात. ती असली की काम झाले, असा समज आहे. आतल्या रकान्यांना पाट्याच नसतील तर वरच्या बटणांचा अंध माणसाला काडीचा उपयोग नाही.

मराठीपुढची खास अडचण

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक अडथळा येतो. पूर्वी संगणकावर मराठी लिहिण्यासाठी निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट वापरत. त्यात पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या पोटात त्या जागी एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असे. डोळ्याला ते मराठी दिसते, परंतु स्क्रीन रीडर ते निरर्थक इंग्रजी अक्षरे म्हणून वाचतो. युनिकोड पद्धतीत मात्र 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो. देवनागरी लिपी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. सरकारी मजकूर युनिकोडमध्येच असला पाहिजे.

दुसरा प्रकार स्कॅनचा. एखादे परिपत्रक छापायचे, त्यावर सही-शिक्का घ्यायचा आणि त्याचा फोटो काढून पीडीएफ म्हणून संकेतस्थळावर टाकायचा. फोटोत अक्षरे नसतात, केवळ चित्र असते. ते ऐकता येत नाही, त्यात शब्द शोधता येत नाही. शिष्यवृत्तीची मुदत वाढल्याचे परिपत्रक असे टाकले तर अंध विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते निघालेच नाही. सही हवी असेल तर डिजिटल सही करता येते, आणि मूळ मजकूर तसाच वाचता येण्याजोगा राहतो.

दुसऱ्याच्या हाती किल्ली

कोणी म्हणेल, एवढे कशाला? शेजारच्या मुलाला सांगावे, केंद्रावर जावे, तो अर्ज भरून देईल. आपल्या वस्त्यांतून बहुतेक कामे अशीच होतात. मदत करणारे चांगले असतात, ते गरजेचेही आहेत. परंतु या मदतीची किंमत समजून घेतली पाहिजे.

समजा, एखाद्या घरची अंध मुलगी बारावी पास झाली. तिला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे. संकेतस्थळ तिला उघडत नाही, म्हणून ती केंद्रावर जाते. तेथे ती आपला आधार क्रमांक सांगते, बँकेचे खाते सांगते, वडिलांचे उत्पन्न सांगते, पासवर्ड सांगते, फोनवर आलेला ओटीपी सांगते. हे सारे चार माणसांच्या देखत. समोरच्याने काय लिहिले, हे तिला तपासता येत नाही. एका अंकाची चूक झाली तर पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातील किंवा अर्ज नामंजूर होईल, आणि दोष तिच्या माथी येईल. समोरचा अप्रामाणिक निघाला तर खाते रिकामे होण्याची भीती. ज्या मुलीने बारा वर्षे कष्ट करून स्वतःच्या पायावर उभे राहण्याची तयारी केली, तिला आपल्याच नावाचा अर्ज आपल्या हाताने भरता येऊ नये, हा तिच्या शिक्षणाचा अपमान आहे.

कायदा काय सांगतो

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४२ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील सर्व मजकूर अपंगांना वापरता येईल अशा स्वरूपात उपलब्ध होईल, यासाठी सरकारने उपाय करायचे आहेत. सरकारी संकेतस्थळे कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वे तर केंद्र सरकारने २००९ मध्येच काढली होती. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली.

मग अडले कोठे? ही तत्त्वे शिफारशीसारखी राहिली. पाळली तर उत्तम, नाही पाळली तर कोणाचे काही बिघडत नाही, अशी स्थिती झाली. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले. २०१७ च्या नियमांतील १५ वा नियम केवळ शिफारशी करतो आणि म्हणून मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे सांगून किमान काही निकष सक्तीचे करा, असा आदेश न्यायालयाने दिला. त्यासाठी तीन महिन्यांची मुदत ठरवून दिली.

त्यानंतर ३० एप्रिल २०२५ चा निकाल आला. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या स्त्रिया आणि एक अंध वकील न्यायालयात गेले होते. बँकेची ओळख पटवताना कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. ज्यांना पापणीच हलवता येत नाही, त्यांनी आपण जिवंत आहोत हे कसे दाखवायचे? न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी निकाल दिला की डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ग्रामीण माणूस, वृद्ध, गरीब, भाषेमुळे मागे पडलेला, या सर्वांपर्यंत ही सेवा पोहोचवणे राज्याचे कर्तव्य आहे, असेही त्यांनी म्हटले. एकूण २० निर्देश दिले. त्यात अशा सेवांची ठराविक काळाने तपासणी करणे आणि त्या तयार करतानाच अंध व्यक्तींकडून तपासून घेणे, हेही आहे.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. संकेतस्थळ बनवून झाल्यावर दुरुस्त्या करणे महाग पडते. इमारत बांधून झाल्यावर उतरता रस्ता काढायचा तर भिंत फोडावी लागते. नकाशातच तो घेतला तर वेगळा खर्च फारसा येत नाही. म्हणून निविदा काढतानाच ही अट घातली पाहिजे, आणि अपंग व्यक्तीने अर्ज शेवटपर्यंत भरून दाखवल्यावरच कंत्राटदाराचे बिल मंजूर झाले पाहिजे.

आपण काय करावे

न्यायालयाने निकाल दिला म्हणून पडदा आपोआप बदलत नाही. मागणारा असेल तरच देणारा हलतो. सामान्य माणसाला पुढील गोष्टी करता येतील.

१. संकेतस्थळ अडले की नोंद ठेवा. कोणते पान, कोणती तारीख, कोठे अडले. पडद्याचा फोटो घ्या. 'साईट चालत नाही' एवढे म्हटल्याने काही होत नाही. 'जन्मतारखेचा रकाना स्क्रीन रीडर वाचत नाही' असे लिहा.

२. प्रत्येक सरकारी संकेतस्थळासाठी एक जबाबदार अधिकारी नेमलेला असावा, असे मार्गदर्शक तत्त्वांत आहे. 'संपर्क' या पानावर त्याचे नाव शोधा आणि लेखी तक्रार करा. उत्तर आले नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार पाठवा.

३. माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस माफ. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत मांडावा लागतो. विचारा: या संकेतस्थळाची सुलभतेची तपासणी झाली आहे काय, कधी, कोणी केली, अहवालाची प्रत द्यावी. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्याचे तोंडी म्हणणे लिहून घेण्यास मदत करणे हे कलम ६ प्रमाणे माहिती अधिकाऱ्याचे काम आहे. दृष्टी किंवा श्रवण नसलेल्यांना माहिती मिळवण्यास साह्य करणे, हेही कलम ७ मध्ये आहे.

४. दाखल्यासारखी सेवा अडली तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अर्ज दिल्यावर पोच घ्या. त्यावर अर्ज क्रमांक आणि सेवा देण्याची मुदत असली पाहिजे. मुदतीत काम झाले नाही किंवा अर्ज फेटाळला, तर अपील करता येते.

५. केंद्रावर जावेच लागले तर फोन आपल्या हातात ठेवा. पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका. अर्ज पाठवण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. फलकावरचा दर पाहून पावती घ्या.

६. वस्तीतील वाचनालयात किंवा समाजमंदिरात संगणक असेल तर त्यावर एनव्हीडीए घालून घ्या. संगणक शिकलेल्या मुलामुलींनी रविवारचे दोन तास दिले तर वस्तीतील अंध विद्यार्थी आणि ज्येष्ठ मंडळी स्वतः अर्ज भरायला शिकतील.

७. ज्यांची मुले संगणकाच्या क्षेत्रात नोकरीला आहेत, त्यांनी मुलांना एक प्रयोग करायला सांगावा. आपण बनवलेले पान माऊस बाजूला ठेवून, नुसत्या टॅबच्या कळेने वापरून पाहावे. मग पडदा झाकून ठेवून, कानाने ऐकत तोच अर्ज भरावा. कोठे अडले ते पाच मिनिटांत कळेल.

गावची आणि वस्तीची मंडळे दरवर्षी वह्या वाटतात, गुणवंतांचा सत्कार करतात. ते व्हावेच. त्याबरोबर यंदा शिष्यवृत्तीची मुदत सुरू होताच वस्तीतील प्रत्येक अपंग विद्यार्थ्याचा अर्ज भरला गेला की नाही, तो स्वतः भरू शकला की नाही, आणि नसेल तर कोणत्या पानावर अडला, याची यादी करावी. दहा वस्त्यांच्या दहा याद्या एकत्र करून आयुक्तांपुढे ठेवल्या, तर ती तक्रार एकट्यादुकट्याची राहत नाही. ज्या मुलीला आज आपला पासवर्ड परक्याला सांगावा लागतो, तिला पुढच्या वर्षी तो सांगावा लागू नये, एवढे तरी आपण पाहावे.